बासष्टाव्या वर्षी पुन्हा पियानोपाशी

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी माळ्यावरची पेटी खाली काढली. भात्याला गेलेल्या चिरा दुरुस्त झाल्या. बोटांचं मात्र काही करता येईना. पस्तीस वर्षं सह्या करण्यात आणि नोटा मोजण्यात गेलेली ती बोटं साध्या अलंकारातही अडखळू लागली. सौ. काही बोलली नाही, फक्त स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. त्या दिवसांत मला सोबत झाली ती इग्नात्सी पादेरेव्स्की या पोलिश पियानोवादकाच्या आयुष्याची.

पादेरेव्स्की १८६० सालचा. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. विसाव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी, मुलाच्या जन्मानंतर, बायको गेली. १८८४ साली तो व्हिएन्नाला लेशेटित्स्कीकडे शिकायला गेला, तेव्हा वय चोविसाचं. गुरूला वाटलं, फार उशीर झाला. म्हणजे उशिराचं हे लचांड तरुणपणापासूनच याच्या मागे! तरी १८८८ साली त्याने पॅरिस जिंकलं. १८९१ साली अमेरिकेत गेला आणि त्या पहिल्याच दौऱ्यात, बोट दुखावलेलं असतानाही, शंभरावर मैफली केल्या.

मग पहिलं महायुद्ध आलं. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी त्याने अमेरिकाभर शेकडो भाषणं केली, निधी जमवला, स्वतःची कमाई ओतली. १९१७ नंतर पियानो मागेच पडला. जानेवारी १९१९ मध्ये तो स्वतंत्र पोलंडचा पंतप्रधान झाला, जूनमध्ये व्हर्सायच्या तहावर त्याने सही केली आणि वर्ष सरायच्या आत पायउतारही झाला.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. गंगाजळी आटलेली, वय साठीपलीकडे आणि तारण काय, तर पाच वर्षं मैफलीत न वाजलेली दहा बोटं. या अर्जदाराला मी कर्ज मंजूर केलं असतं का? खरं सांगतो, नसतं.

नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो पुन्हा पियानोपाशी बसला. बोटं पहिल्यासारखी राहिली नव्हती. चुकीचे सूर लागत, जाणकार तसं लिहीतही. लोक मात्र तिकिटं काढत राहिले. गेलेला पैसा परत आला, आणि गड्याने तो पुन्हा वाटायला सुरुवात केली. १९३२ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो बेरोजगार वादकांच्या मदतीसाठी वाजवायला बसला तेव्हा वय एकाहत्तर होतं.

१९३७ च्या ‘मूनलाइट सोनाटा’ या चित्रपटात त्याला वाजवताना पाहता येतं. पांढऱ्या केसांचा तो मोठा झुबका, आणि डावा हात उजव्याच्या किंचित आधी पडणारा. ती त्याच्या पिढीची जुनी रीत. मी पाहताना आधी चुका शोधत होतो. थोड्या वेळाने ते राहूनच गेलं.

मे १९३९ मध्ये मैफलीच्या ऐन वेळी प्रकृती ढासळली आणि वादन थांबलं ते कायमचं. जून १९४१ मध्ये न्यूयॉर्कला तो वारला, तेव्हा पोलंड पुन्हा परक्यांच्या टाचेखाली होता. त्याचे अवशेष वॉर्साला पोचायला १९९२ साल उजाडलं.

माझं सध्या भूपाच्या आरोहावर चाललंय. सौ. हल्ली दार उघडं ठेवते. रेडिओ मात्र लावते.