ज्यूल व्हर्न : सागरतळ आणि पराभूतांचा इतिहास
फ्रान्समधील नांत या बंदरात ८ फेब्रुवारी १८२८ रोजी जन्मलेल्या ज्यूल व्हर्न यांनी वकील वडिलांच्या इच्छेनुसार पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले. ओढा मात्र नाट्यलेखनाकडे होता. १८६३ मध्ये प्रकाशक एत्झेल यांनी त्यांची पहिली साहसकादंबरी प्रसिद्ध केली आणि त्यांच्या लेखनाला दिशा लाभली. १८६९-७० मधील सागरतळाच्या कादंबरीत त्यांनी विजेवर चालणारी पाणबुडी, बर्फाखाली कोंडले जाण्याचे संकट आणि बुडालेल्या अटलांटिसचे अवशेष एकत्र गुंफले. नायक नेमो हा रशियावर सूड उगवणारा पोलिश उमराव असावा, ही मूळ योजना. रशियन बाजारपेठ गमावण्याच्या धास्तीने एत्झेल यांनी ती नाकारली आणि नेमो देशविहीन राहिला. पुढे १८७४-७५ च्या कादंबरीत व्हर्न यांनी त्याला बुंदेलखंडाचा राजपुत्र, १८५७ च्या उठावातील पराभूत योद्धा ठरविले. १८८० च्या कादंबरीत मात्र नानासाहेब पेशवे सूडाने पेटलेले प्रतिनायक म्हणून येतात. व्हर्न यांची सहानुभूती एकसंध नव्हती. २४ मार्च १९०५ रोजी आमियाँ येथे त्यांचे निधन झाले. भा. रा. भागवत यांच्या रूपांतरांतून व्हर्न मराठीत मुख्यतः किशोरवाचकांचे लेखक झाले. नेमोच्या पाणबुडीतील पारतंत्र्याची वेदना मात्र प्रौढ समीक्षेचा विषय आहे.