शहरांना वेस घालणारा गव्हर्नर

विकास हवाच, पण तो कोठे थांबावा, हे सांगण्याचे धैर्य सत्ताधाऱ्यांत क्वचितच आढळते. अमेरिकेतील ओरेगन राज्याचे गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्यापाशी ते होते. १९१३ साली जन्मलेले मॅकॉल मूळचे पत्रकार. विलामेट नदीच्या प्रदूषणावरील त्यांच्या १९६२ सालच्या दूरचित्रवाणी-अनुबोधपटाने राज्य खडबडून जागे झाले. १९६७ साली ते गव्हर्नर झाले, तेव्हा त्याच नदीच्या खोऱ्यातील सुपीक शेती घरबांधणीच्या घशात जात होती. त्यांच्या आग्रहाने १९७३ साली कायदा झाला: प्रत्येक शहराने व परगण्याने राज्याने ठरविलेल्या उद्दिष्टांनुसार जमीनवापराचा आराखडा करावा. त्यातूनच पुढे शहरांभोवती वाढीच्या सीमा आखल्या गेल्या.

सीमेबाहेरच्या शेताला बिगरशेतीचा भाव येणार नव्हता; जमीनमालकांचा रोष साहजिकच होता. १९८२ साली ही व्यवस्था मोडण्याचा प्रस्ताव जनमतास आला. सत्ता केव्हाच सुटलेली, देह कर्करोगाने पोखरलेला. तरी मॅकॉल प्रचारास उतरले. नोव्हेंबरात मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. जानेवारी १९८३ मध्ये ते निवर्तले.

मालकाचा हक्क खराच. पण सिमेंटखाली गेलेले शेत पुन्हा पिकत नाही, हेही तितकेच खरे. हे अप्रिय सत्य त्यांनी लोकांपुढे मांडले आणि लोकांनी ते मानले. नियोजनाला याहून भक्कम पाया कोणता?