कार्ल लिनीअस

आपण ज्याला वाल किंवा पावटा म्हणतो, त्यालाच कर्नाटकात अवरे म्हणतात. बंगळूरच्या हेब्बाळ येथे कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी हेब्बाळ अवरे या नावाचे वाण तयार केले. जुनी अवरे थंडीच्या दिवसांतच फुलते. हे वाण मात्र कोणत्याही ऋतूत शेंगा देतात. या वेलीचे रानटी, अनेक वर्षे जगणारे भाईबंद पूर्व आफ्रिकेत आढळतात. प्रांतोप्रांती नाव निराळे. मग सर्वांची वेल एकच आहे, हे अभ्यासकांनी ओळखावे कसे? ही अडचण दूर केली ती लिनीअस यांनी.

त्यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडनमधील रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील पाद्री होते. बागेचा त्यांना विलक्षण नाद होता. मुलानेही पाद्री व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण कार्लचे त्या अभ्यासात लक्ष लागेना. वडील निराश झाले. त्याला जोडे शिवण्याच्या कामाला लावावे, असेही त्यांच्या मनात आले होते म्हणतात. योहान रोथमान या शिक्षकांनी मात्र मुलाचा कल ओळखला व त्याला वैद्यक शिकवावे असे सुचविले. त्या काळी बहुतेक औषधे वनस्पतींपासूनच बनत.

उपसाला विद्यापीठात त्यांनी गरिबीत दिवस काढले. १७३२ मध्ये लॅपलँडचा खडतर प्रवास करून त्यांनी वनस्पती गोळा केल्या, आणि १७४१ मध्ये ते उपसाला येथेच प्राध्यापक झाले.

तोवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील लांबलचक वर्णनच असे. १७५३ च्या स्पीशीज प्लँटारम या ग्रंथात लिनीअस यांनी सुमारे ६,००० वनस्पतींना दोन शब्दांची सुटसुटीत नावे दिली. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. वालाला त्यांनी डॉलिकॉस लॅबलॅब म्हटले. यातील लॅबलॅब हा शब्द अरबी आहे. १७६३ मध्ये त्याच वेलीच्या जांभळ्या प्रकाराला वेगळी जात समजून त्यांनी डॉलिकॉस पुरपुरियस हे नाव दिले. एवढ्या मोठ्या कामात असे घडणे स्वाभाविकच होते. पुढील अभ्यासकांनी दोन्ही एकच ठरविले व वालाला लॅबलॅब या स्वतंत्र वंशात घातले. एकच शब्द दोनदा येणारे नाव वनस्पतिशास्त्रात चालत नाही. म्हणून आज लॅबलॅब पुरपुरियस हे नाव मान्य आहे. त्यातील दोन्ही शब्द लिनीअस यांच्याच नावांतून आलेले आहेत.

१० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेल्या वाळलेल्या वनस्पती लंडनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत.