भाऊसाहेब जोशी

भाऊसाहेब जोशी हे पुण्यातील लघुरेल्वे-प्रतिकृतींचे निर्माते व कोथरूड परिसरातील जोशी लघुरेल्वे संग्रहालयाचे संस्थापक होत. यंत्रांची रचना समजून घेण्याची ओढ त्यांना बालपणापासूनच होती. त्यांनी गोपाळ हायस्कूलमध्ये आपली हलवता येणारी रेल्वेमांडणी प्रदर्शित केली. अशी मांडणी दर प्रदर्शनानंतर सुटी करून पुन्हा जोडावी लागते. रुळांचा सांधा केसभर चुकला तरी चिमुकला डबा घसरतो, आणि डोंगर, बोगदे, पूल यांचे नाजूक देखावे हलवाहलवीत झिजतात. कायमची लघुनगरी उभारण्याचे भाऊसाहेबांचे स्वप्न साकार होऊन १ एप्रिल १९९८ रोजी संग्रहालय खुले झाले. तेथील मांडणीत गाड्यांबरोबर ६५ सिग्नल, कुंपणे, दिव्यांचे खांब व उड्डाणपूलही आहेत. गाड्यांइतकीच मेहनत भोवतालच्या वस्तीवर घेतल्याने ही नगरी निव्वळ खेळण्यांची वाटत नाही. तिचे संचालन संगणकाद्वारे होते.