अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

वाचकहो, इस्राएलात आपली नातवंडे सकाळी ‘गान’मध्ये जातात. गान म्हणजे बाग. आपल्या कोकणात बागेला वाडी म्हणतात, आणि लहानग्यांच्या शाळेला बालवाडी. ही बालवाडी गरिबाच्या दारापर्यंत नेणाऱ्या एका थोर बाईंची ही ओळख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीस गेल्या, पण संसार टिकला नाही. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रिन्सिपॉल होत्या. ती मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या व माँटेसरी पद्धतीच्या कामास लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार.

पण ही सोय शहरातल्या मुलांची. खेड्यातल्या गरिबांच्या मुलांचे काय? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गाठले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले येईनात. आईबाप मजुरीला, आणि थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड. मुले येत नाहीत म्हणून ताराबाईंनी दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. माँटेसरीची महाग साधने परवडणारी नव्हती. बिया, खडे, शिंपले, पाने यांवर काम भागवले. आधी अंघोळ, गाणी, गोष्टी; मग मोजणे आणि अक्षरे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र केल्या, म्हणजे भावंडे सांभाळणारी मुलगीही शिकेल. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, कार्य चालवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज भारतात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. मूल शाळेत येत नसेल तर त्याच्या अंगणाची वाट आपण धरावी, ही ताराबाईंची शिकवण आपल्या समाजानेही ध्यानी ठेवावी.