कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांची वाडी

मोठ्या यंत्रकारखान्यात नोकरी मिळावी अशी इच्छा आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थी बोलून दाखवितात. एकोडीसारख्या धानाच्या मुलुखात तर पालकांसही तीच आस असते. अशा कारखान्यात माणसे कशी राबतात हे कळावे म्हणून आम्ही येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र थोडक्यात देत आहो.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या हौसेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु काही रंग त्यांस नीट ओळखू येत नाहीत असे आढळले. तेव्हा रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाचित्रांचा अभ्यास धरला, व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीची पाळी आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. ज्याच्या घरी पगाराखेरीज दुसरा आधार नाही त्यासच ह्या गोष्टीचे मोल कळेल.

बेळगावात बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. मग कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले. पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. (आमच्या बांध्यांतूनही नव्या अवजाराकडे प्रथम असेच पाहिले जाते, म्हणून त्या शेतकऱ्यांस हसू नये.) पहिले मोजकेच नांगर खपण्यास 2 वर्षे लागली. तशात बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी साह्य केले, आणि 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर कारखान्याची वसाहत उभी राहू लागली.

येथे कामकरी केवळ भोंगा होताच घरी जाणारा नव्हता. त्याचे घरही त्याच माळावर होते. शिवाशीव पाळू नये हा तेथील दंडक. शंभुराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब पाहात. रात्रीच्या पहाऱ्यास लक्ष्मणरावांनी तुका रामोशी व पिऱ्या मांग असे पूर्वी दरोडेखोर म्हणून गाजलेले गडी नेमले, हे ऐकून आजही कित्येक पालक दचकतील! पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या. तोफांचे नांगर झाले.

ह्या जीवनास दुसरी बाजूही आहे. जेथे धनी एकच आणि राहते घरही कारखान्याचे, तेथे नोकरीबरोबर छप्परही जाते. त्यामुळे मालकाच्या स्वभावावर फार काही अवलंबून राहते. विद्यार्थ्यांनी अर्ज करण्यापूर्वी ह्याचा विचार अवश्य करावा असे आम्हांस वाटते.

1948 च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाल्यावर उसळलेल्या दंगलीत कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारण्यात आला. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. कुंडल रोड हे नाव मागे पडून त्या स्टेशनासही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले आहे.