चित्राचे मोल आणि राजा रविवर्मा

कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या चित्रकारापुढे रंगांपेक्षा अवघड प्रश्न उभा राहतो तो किमतीचा. कमी सांगावी तर काम हलके ठरते, जास्त सांगावी तर गिऱ्हाईक फिरकत नाही. राजा रविवर्मा यांनाही हा प्रश्न चुकला नव्हता. त्यांनी त्याची दोन उत्तरे शोधली. त्यांतले दुसरे त्यांना फार महागात पडले.

२९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूरच्या प्रतिष्ठित घराण्यात त्यांचा जन्म झाला. अशा घरातील मुलाने चित्रे काढावीत, पण त्यांचे पैसे घेणे रूढ नव्हते. १८७० मध्ये कोझिकोडच्या एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र त्यांनी मोबदला घेऊन रंगवले आणि तो संकोच संपला. १८७३ मध्ये मद्रास व व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत गौरव झाला, तशी संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. नाव झाले की दर वाढतो, हे तेव्हाही खरे होते.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये त्यांच्याकडे १४ पौराणिक चित्रांचे काम सोपवले. ठरलेली रक्कम होती ५० हजार रुपये! ही चित्रे मुंबईत मांडली गेली तेव्हा ती पाहायला लोटलेल्या गर्दीत एखादे विकत घेऊ शकेल असा माणूस विरळाच असावा. या गर्दीसाठी काय, याचे उत्तर तंजावरच्या मराठी घराण्यातील दिवाण टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच सुचवले होते: चित्रांच्या छापील प्रती काढा.

१८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना सुरू झाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला सामान्यांच्या भिंतीवर आल्या. मात्र एकेका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे, खर्च आधी आणि पैसा नंतर. त्यातच प्लेग आला. कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी कर्ज फिटेना. हिशेब धाकटे बंधू राजा राजवर्मा सांभाळत. कुंचला आणि खतावणी एका हाताने पेलणे कठीणच. अखेर विसाव्या शतकाच्या प्रारंभी छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. ८९ चित्रांच्या छपाई हक्कांसह त्याचे २५ हजार रुपये आले, म्हणजे बडोद्याच्या १४ चित्रांच्या निम्मे.

२ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मांचे निधन झाले. मळवलीची यंत्रे पुढेही चालत राहिली आणि त्यांच्या देवता दिनदर्शिकांवर, जाहिरातींवर झळकत राहिल्या. १९७२ मध्ये त्या कारखान्याला आग लागली.